पूल, जिना, उंबरा : मूक भयपटांवरच्या एका चित्रफितीच्या नोंदी

६ जून

काम ठरलं. आमच्या फिल्म मंडळात ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी वीसेक मिनिटांची चित्रफीत दाखवायची आहे, विषय माझ्यावर सोडलाय. "जुन्या भयपटांतली दारं" असं मी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "दारं?" आणि पुढे काही बोलले नाहीत. होकार धरून चालले आहे.

काय करायचंय ते लिहून ठेवते, म्हणजे भरकटले तर परत यायला जागा राहील. १९२० ते १९३२ या काळातले पाच-सहा चित्रपट घ्यायचे. त्यांतली भुतं घ्यायची नाहीत, भूत यायच्या आधीची जागा घ्यायची. पूल, जिना, बोळ, खिडकी, उंबरा. माणूस इकडून निघालाय आणि तिकडे अजून पोचलेला नाही, अशा ठिकाणी कॅमेरा गरजेपेक्षा जास्त का रेंगाळतो, हा प्रश्न.

संकलन मित्र करणार (रोज सात ते नऊ, तेही क्रिकेट नसेल तर). निवेदन माझं. बजेट शून्य. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे दृश्यांची अडचण नाही. नंतर कुणी चढवलेलं संगीत मात्र घ्यायचं नाही.

९ जून

मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', १९२२. फक्त पहिला भाग पाहिला, वही मांडीवर घेऊन.

हुटर हा जागांच्या दलालाकडचा तरुण कारकून. काउंट ओर्लोकला (हाच पुढे रक्तपिशाच निघतो) घर विकायला डोंगरात निघालाय. एका ठिकाणी गाडीवाले घोडे थांबवतात आणि कितीही पैसे दिलेस तरी पुढे येणार नाही म्हणतात. हुटर हसतो, सामान उचलतो आणि पायी निघतो. पुढे पूल लागतो. पुलात भव्य असं काही नाही, कुठल्याही गावाबाहेर असतो तसला. तो ओलांडतो. एवढंच. आणि मग पडद्यावर पाटी येते.

मूळ जर्मन पाटी साधारण अशी : हुटरनं पूल ओलांडला न ओलांडला तोच, तो मला पुष्कळदा सांगायचा त्या भेसूर दृश्यांनी त्याला झपाटलं.

फ्रान्समध्ये चित्रपट गेला तेव्हा ती बदलली : आणि तो पुलाच्या पलीकडे गेला तेव्हा भुतं त्याला सामोरी आली.

पॅरिसचे अतिवास्तववादी या दुसऱ्या पाटीवर फिदा होते. त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों, त्यानं तिचा उल्लेख केलाय. चित्रफितीची सुरुवात याच पाटीनं करायची, पण कुठल्या, ते ठरत नाही. अर्थाला पहिली प्रामाणिक आहे. दुसरीनं अंगावर काटा येतो.

कच्चं वाक्य मोठ्यानं वाचत होते : "हुटरने पूल पार केला..." आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पार केला काय? ओलांडला म्हण. हिंदी सिनेमा आहे का?" बदललं.

१४ जून

भाची आली होती. सतरा वर्षांची. विषय सांगितल्यावर तिनं फोन पुढे केला : "मावशी, हे लिमिनल स्पेस. आमच्यात हे आधीच आहे." पिवळट भिंती, पिवळट उजेड, खोलीतून खोली निघते आणि कुणीच नाही. २०१९ मध्ये एका निनावी फोरमवरून पसरलेला हा फोटो. त्यावरून 'बॅकरूम्स' नावाचं एक अख्खं विश्व पोरांनी उभं केलं. गंमत म्हणजे २०२४ मध्ये तपास लागला, तेव्हा तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावातल्या एका दुकानाचा, नूतनीकरण चालू असतानाचा निघाला. फर्निचर हलवलेलं दुकान, बस्स.

'लिमिनल'मधला लॅटिन शब्द म्हणजे उंबरा. आर्नोल्ड व्हान गेनेपनं १९०९ मध्ये संस्कारविधींवर लिहिताना तो वापरला : माणूस एका अवस्थेतून सुटला आणि दुसरीत अजून शिरला नाही, तो मधला काळ. हे मी भाचीला जरा ऐटीत समजावत होते. आई आतून म्हणाली, "म्हणजे सीमांतपूजन." मी गप्प.

खरंच तेच. वऱ्हाड गावात शिरायच्या आधी वेशीवर थांबतं, मुलीकडचे सामोरे जातात, नवरदेवाचे पाय धुतात, पूजा करतात. तोवर तो ना पाहुणा ना जावई. आता हे सगळं कार्यालयाच्या हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी उरकतं, वेस कुठली नि काय. पण शब्दात वेस राहिलीच. आणि नरसिंह? ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरातली फट नेमकी तिन्हीसांज आणि उंबरा यांच्यात होती. ज्या आईनं लहानपणी "उंबऱ्यात बसू नकोस" म्हणून शंभरदा उठवलं, तिला हा विषय मी शिकवत होते!

दुसरा शब्द अजून सापडत नाही. जर्मन पाटीत 'उनहाइमलिश' आहे. फ्रॉइडनं याच शब्दावर १९१९ मध्ये निबंध लिहिला. त्यात 'हाइम', घर, आहे : जे घरचं होतं आणि आता घरचं वाटत नाही. आपल्याकडे भयाण, भेसूर, भकास. भाचीच्या फोनमधलं सगळं भकास आहे. मुर्नाऊचा पूल मात्र भकास नाही. तिथं आत्ता कुणीतरी येणार आहे. फरक बहुतेक इथंच आहे. त्या फोटोंत कुणी कधी येणारच नाही याची भीती वाटते. या चित्रपटांत दाराकडे बघवत नाही, कारण कुणीतरी निघालेलं आहे.

भाचीला पटलं नाही. "कुणी येणार असेल तर ते नॉर्मल भूतच झालं ना," म्हणाली.

२१ जून

नमुना म्हणून दहा मिनिटं मित्राच्या घरी सहा जणांना दाखवली. फजिती.

नेटवरून घाईत उतरवलेली प्रत पूर्ण कृष्णधवल होती आणि वेगही वाढलेला. ओर्लोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून तुरुतुरु चाललाय आणि सगळे हसताहेत. एकानं तर नेमकं बोट ठेवलं : "अहो, हा भरदुपारी फिरतोय. सावली बघा." खरंच, दगडी रस्त्यावर लख्ख ऊन.

दोन्ही चुका माझ्या. मूक चित्रपटांचा कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला सोळा ते वीस चित्रं हा साधारण वेग. चोवीसचा नियम बोलपटांबरोबर पक्का झाला. जुनी रिळं चोवीसनं फिरवली की माणसं माकडं होतात.

दुसरी चूक जास्त मोठी. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा, बाहेर रात्री चित्रण करणं जवळपास अशक्य. म्हणून रात्रीची दृश्यं दिवसा घ्यायची आणि प्रिंट रंगात बुडवायची. निळा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. त्या काळचा प्रेक्षक हे रंग वाचायचा. पुढे कृष्णधवल प्रती निघत गेल्या, रंग गेले आणि ओर्लोक उन्हात आला. २००५-०६ मध्ये लुसियानो बेर्रियातुआ यांनी जीर्णोद्धार केला, तेव्हा पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयात जपलेली १९२२ची रंगवलेली फ्रेंच प्रत आधाराला घेतली आणि रात्र परत आली.

यातली गंमत अशी की उन्हानं पिशाच मरतं हा शोधच मुळात या चित्रपटाचा. ज्या कादंबरीवर तो बेतलाय, त्या स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये हिंडतो. म्हणजे निळा रंग गेला की भीती तर जातेच, वर कथाही कोसळते. सूर्यकिरणानं विरघळणारा माणूस अर्धा चित्रपट उन्हात काढतो.

हे सगळं चित्रफितीत घ्यायचं. आधी पांढऱ्या उन्हातला ओर्लोक, हसू द्यायचं, आणि तेच दृश्य पुन्हा निळ्यात, योग्य वेगानं. निवेदन शून्य.

३० जून

जागा शोधण्यात आठवडा गेला. पण आनंदाचा.

स्टुडिओत भिंती उभारण्याच्या काळात मुर्नाऊ बाहेर पडला. आत्ताच्या स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला, विस्मारचं बंदर आणि तिथला पाण्याकडे उघडणारा जुना दरवाजा, ल्युबेकमधली मिठाची कोठारं. ओर्लोकनं विकत घेतलेलं घर म्हणजे ही कोठारं. ट्रावं नदीच्या काठावर, विटांची, उंच निमुळत्या माथ्याची, सोळाव्या ते अठराव्या शतकात टप्प्याटप्प्यानं बांधलेली. ल्युनेबुर्गचं मीठ इथं साठवून जहाजानं उत्तरेला जायचं. इथं माणसं राहतच नव्हती, माल राहायचा. घर म्हणून कोठार निवडणं यातच मुर्नाऊचा निम्मा चित्रपट झाला. खिडक्या ओळीनं, आत कुणी डोकावत नाही, आणि समोरच्या घरात हुटरची बायको एलेन.

ओर्लोक तिथं होडीत उभा राहून येतो. वल्ही मारणारा कुणी नाही. मग शवपेटी घेऊन बंद दारासमोर उभा राहतो आणि विरतो. दार उघडत नाही, तो आत जातो. हाच माणूस शेवटी एलेननं स्वतः खिडकी उघडेपर्यंत तिच्या घरात येत नाही. बंद दारातून जाऊ शकणारा उघड्या खिडकीची वाट पाहतो! तिथं मी थांबवून थांबवून पाहिलं. ती खिडकी उघडते तो क्षण साऱ्या चित्रपटाचा उंबरा आहे.

एक फालतू पण लाडकी माहिती : शेवटच्या दृश्यात ओर्लोकचा गड पडझड झालेला दिसतो. तो ओरावा नाहीच, दुसराच एक पडका किल्ला आहे. मालक मेल्याबरोबर घर शेकडो वर्षांनी म्हातारं झालं.

५ जुलै

'कॅलिगारी' (रॉबर्ट वीने, १९२०). सगळे म्हणतात यापासून सुरुवात कर. पाहिला, पुन्हा आवडला, आणि बहुतेक घेणार नाही.

हेरमान वार्म, वाल्टर राइमान, वाल्टर र्‍योरिग या तिघांनी उभं केलेलं गाव सगळं कापडावर रंगवलेलं, सावल्यासुद्धा ब्रशनं काढलेल्या. खिडक्या तिरक्या, रस्ते त्रिकोणी. पण सगळंच वाकडं असेल तर उंबरा कुठं राहिला? अलीकडचं जग सरळ असेल तरच पलीकडचं वाकडं वाटणार. त्यातलं एकच ठेवते : झोपेत चालणारा सेझारे भिंतीला अंग घासत, हात वर धरून, जणू भिंतीतूनच सुटून येतोय असा सरकत येतो ते. नट कॉनराट फाइट. तेवढे काही सेकंद.

मित्र म्हणाला, "कॅलिगारी नाही म्हणजे लोक विचारतील." विचारू देत.

१२ जुलै

'व्हॅम्पिर'. कार्ल ड्रायर, १९३२. हा बोलपट आहे, पण वृत्तीनं मूक. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काढायचा म्हणून संवाद मोजकेच ठेवलेले.

पॅरिसपासून दूर कूर्तांपिएर गावात १९३०च्या सुमाराला चित्रण झालं. एकही सेट नाही, खरी घरं, खरा वाडा, खरी पिठाची गिरणी. पैसे निकोलास द गुन्सबुर्ग या उमरावानं घातले आणि टोपणनावानं नायकही तोच झाला. अभिनय येत नाही हे दिसतं, आणि त्याचा फायदाच होतो. तो सगळीकडे पाहुण्यासारखा वावरतो.

सुरुवातीलाच खाणावळीतली खोली. रात्र. दाराच्या कुलपात किल्ली आहे आणि ती आपोआप फिरते. एक म्हातारा आत येतो, पाकिटावर "माझ्या मरणानंतर उघडावं" असं लिहून जातो. दार, किल्ली, पाकीट. तिन्ही उघडायच्या वस्तू, आणि तिसरी अजून उघडायची नाही.

पण मला धरून ठेवलं ते कॅमेऱ्याच्या चालीनं. नायक डावीकडे बघतो, कॅमेरा तिकडे सरकतो, भिंत, दार, सावल्या, आणि फिरून येतो तेव्हा नायक भलतीकडेच उभा. खोल्यांचा नकाशा डोक्यात जुळत नाही. मी कागदावर काढायला बसले, तीनदा खोडला. लाकडी पायाच्या शिपायाची सावली शिपायाआधी परत येऊन बसते. एकाची सावली माती उकरते, तीही उलटी, माती फावड्याकडे उडत येते.

ड्रायरनं आपल्या सहकाऱ्यांना समजावलं होतं ते असं : आपण एका साध्या खोलीत बसलोय, आणि कुणी सांगितलं की या दारामागं प्रेत आहे. खोली तीच, उजेड तोच, पण सगळं बदललं, कारण आपण बदललो. माझ्या चित्रफितीचं सगळं म्हणणं यात आहे, त्यामुळे निवेदनात मी आणखी काही म्हणायची गरज उरत नाही, याचा थोडा राग आला.

१३ जुलै

कालचंच पुढे. त्या चित्रपटाचा राखाडी, दुधाळ उजेड एका चुकीतून आला. सुरुवातीच्या एका चित्रणात भिंगावर भलताच उजेड पडला आणि चित्र धुरकट निघालं. ड्रायर आणि छायाचित्रकार रुडोल्फ माटे यांना तेच हवंसं वाटलं. मग ते मुद्दाम, कॅमेऱ्यासमोर तीनेक फुटांवर जाळीदार कापड टांगून त्यावर दिवा मारत राहिले.

करून बघायचं ठरवलं. आमच्या तिसऱ्या मजल्याचा पॅसेज : दोन्हीकडे तीन-तीन दारं, टोकाला जिना, जिन्याच्या खिडकीची एक काच फुटलेली. आईची जुनी मच्छरदाणी कापली (तिला नंतर सांगितलं). कपडे वाळत घालायच्या दोरीवर पिना लावून टांगली. फोन स्टुलावर, मच्छरदाणी तीन फुटांवर, बाजूनं टॉर्च. पॅसेजचा दिवा बंद.

पहिल्या तीन वेळा फक्त मच्छरदाणी दिसली. टॉर्च समोरून कापडावर पडत होता, भोकं न भोकं उमटत होती. मित्रानं टॉर्च जवळजवळ कापडाच्या रेषेत आडवा धरला आणि भिंगाचं लक्ष जिन्यावर ठेवलं, तेव्हा कापड नाहीसं झालं. राहिला तो धूर, पण न हलणारा. ओळखीचा पॅसेज, ओळखीची चपलांची मांडणी, आणि ते सगळं कुणीतरी आठवून सांगतंय असं दिसायला लागलं.

तेवढ्यात समोरच्या काकांच्या दाराखालच्या फटीत उजेडाची रेघ आली. रेघेत दोन काळे तुकडे : पाय. ते दाराशी थांबले. दहा-बारा सेकंद कुणी दार उघडेना. मी आणि मित्र श्वास रोखून. मग दार उघडलं, हातात कचऱ्याचा डबा. "काय गं, लाइट गेली का?"

दार उघडण्याआधीचे बारा सेकंद ठेवले. काकांना विचारून.

घरात आल्यावर आईनं मच्छरदाणी पाहिली. बोलली नाही. ते जास्त वाईट.

१९ जुलै

व्हिक्टर श्योस्ट्रोमचा 'द फँटम कॅरेज'. स्वीडनमध्ये १ जानेवारी १९२१ला प्रदर्शित झाला, आणि कथाही त्याच रात्रीची : ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जो शेवटचा मरतो त्यानं पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची. सेल्मा लागरलॉफच्या कादंबरीवरून. म्हणजे उंबरा जागेचा नाही, घड्याळाचा.

छायाचित्रकार यूलियस येन्सॉननं एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून ती पारदर्शक गाडी बनवली. एकदा गाडी घ्यायची, फिल्म मागं गुंडाळायची, पुन्हा खोली घ्यायची, आणि दोन्ही वेळा हातानं दांडा त्याच वेगानं फिरवायचा. गाडी समुद्रावरून जाते आणि गाडीवान बुडालेल्याला आणायला तळाशी उतरतो, ते अजूनही थक्क करतं.

घ्यावं की नाही? लांबी वाढतेय. गाडी पाण्यावरून जाते एवढंच ठेवलं.

२६ जुलै

संगीतावरून भांडण. 'नोस्फेराटू'साठी हान्स एर्डमाननं लिहिलेल्या संगीताचा मोठा भाग हरवलेला आहे. मित्राला सगळीकडे तानपुरा लावायचाय. मी म्हटलं, तानपुरा लावलास की लोक मैफलीत जाऊन बसतील. तो म्हणाला, बाई, वीस मिनिटं मुकी दारं कोण बघेल.

भांडता भांडता विषय 'महल'वर गेला. तोवर मी तो मुद्दाम टाळत होते, कारण मराठी प्रेक्षकाला खूश करायला ओढून आणल्यासारखं वाटेल. पण धागा खरा आहे. बॉम्बे टॉकीज १९३४ मध्ये मालाडला उभी राहिली ती जर्मन तंत्रज्ञांना घेऊन. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग. दुसऱ्या महायुद्धात विर्शिंग नजरकैदेत गेला, सुटल्यावर इथंच राहिला, आणि १९४९चा कमाल अमरोहींचा 'महल' त्यानं टिपला. रिकामा वाडा, झुंबर, दोनचे ठोके, झोपाळा. म्युनिकहून आलेला माणूस मालाडमध्ये अंधार लावत होता.

आणि 'आयेगा आनेवाला'. लताबाईंनी मुलाखतीत सांगितलेली आठवण : गाण्याच्या सुरुवातीचा भाग दुरून येतोय असं वाटावं म्हणून त्यांनी मायक्रोफोनपासून लांब उभं राहून गायला सुरुवात केली आणि गात गात एकेक पाऊल जवळ आल्या. यंत्रात काही केलेलं नाही. अंतर खरंच चालून कापलेलं.

तानपुरा रद्द. मित्र म्हणाला, "मग निवेदन पण तसंच कर ना." थट्टेनं म्हणाला. मी लिहून ठेवलं.

३ ऑगस्ट

राहिलेले भरभर. पॉल लेनीचा 'द कॅट अँड द कॅनरी' (१९२७) : लांब बोळ, ओळीनं खिडक्या, पांढरे पडदे आत फुगताहेत. घ्यायचा. लेनी जर्मनीत नेपथ्य करायचा, ते दिसतं. एप्स्टाइनचा 'अशर' (१९२८) : दिवाणखान्याच्या फरशीवरून वाळकी पानं वाहतात, घर आणि बाहेर यांतला भेदच संपलाय. घ्यायचा. ब्राउनिंगचा 'ड्रॅक्युला' (१९३१) : जिन्यावर भलं मोठं कोळ्याचं जाळं, ड्रॅक्युला झालेला लुगोसी पलीकडे पोचलेला आणि जाळं अखंड. मागून येणाऱ्या पाहुण्याला ते काठीनं फाडावं लागतं. पलीकडे गेलेला कसा गेला हे दाखवतच नाहीत. घ्यायचा. बाकी तो चित्रपट नाटकासारखा बोलत बसतो.

११ ऑगस्ट

पहिला जोड एकतीस मिनिटांचा. कापायला बसलो.

'नोस्फेराटू'तली रात्र सर्वांत जास्त कापली गेली आणि सर्वांत चांगली झाली. हुटर आपल्या खोलीचं दार किलकिलं करतो. लांब, दालनाच्या दुसऱ्या टोकाला, ओर्लोक नुसता उभा आहे. हुटर दार लोटून घेतो, खिडकीशी जातो, खाली कडा. मग पलंगावर लहान मुलासारखं डोक्यावर पांघरूण घेतो. दार आपोआप उघडतं. निमुळत्या कमानीत ओर्लोक, आणि ती कमान त्याच्या मापाची, जणू उभी ठेवलेली शवपेटी. हे आधी आम्ही निवेदनानं भरलं होतं. सगळं काढलं. आता फक्त दार.

जंगलातली निगेटिव्ह दृश्यंही ठेवली. पुलानंतर ओर्लोकची गाडी येते, तेव्हा झाडं पांढरी आणि आकाश काळं होतं. गाडी मात्र काळीच, कारण तिच्यावर मुद्दाम पांढरं कापड चढवलं होतं. निगेटिव्हमध्ये ते काळं दिसतं.

आणि इथं पाटीचा प्रश्न सुटला. पूल ओलांडल्यावर काय होतं? ओर्लोकची गाडी न्यायला येते. गडाचं दार आपोआप उघडतं. काळोख्या कमानीतून यजमान स्वतः बाहेर येतो आणि पाहुण्याला आत नेतो. झपाटणं कुठाय यात? हे आगतस्वागत आहे. फ्रेंच पाटी चुकीची असेल, पण तिला चित्रपट जास्त कळलाय. 'सामोरी आली'. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग सामोरं काय उगाच जातात? न्यायलाच येतात."

१८ ऑगस्ट

निवेदनाचं ध्वनिमुद्रण. बाकी सगळं कपाटात, गोधड्यांमध्ये तोंड घालून केलं. पाटीचं वाक्य मात्र लताबाईंच्या पद्धतीनं : फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालू ठेवला, घराचं दार उघडं टाकलं, आणि जिन्यापासून बोलत बोलत आत यायचं. वाक्य लहान, अंतर मोठं, म्हणून एकेका शब्दाला दोन-दोन पावलं.

टेक एक, कुकरची शिट्टी. दोन, माझी चप्पल. तीन, अनवाणी, बरा, पण मी पॅसेजमध्येच वाक्य संपवलं. चार आणि पाच, पाऊस. तोवर सात वाजायला आले, पॅसेजमध्ये दिवे लागायचे होते. आई आतल्या खोलीत टीव्ही बंद करून पडली होती, तिला वाटलं मी खाली गेलेय.

टेक सहा. जिन्यावरून हळू सुरुवात केली : "आणि... तो... पुलाच्या... पलीकडे गेला... तेव्हा..." काकांचं दार, चपला, आमचं दार. उंबऱ्याशी आले तेव्हा "भुतं... त्याला... सामोरी... आली."

आतून आईचा आवाज, झोपाळलेला : "कोण आहे? ये ना आत."

२३ ऑगस्ट

लांबी एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. रंग, वेग तपासले. अध्यक्षांना प्रत पाठवली. मित्रानं शेवटचं विचारलं, टेक सहामधला आईचा आवाज काढू का, एका सेकंदाचं काम आहे.

ठेवला. त्याच्यापुढे तीन सेकंद काळा पडदा, आणि मग पूल.